ओट्याखालचे तणस

भादवा सरत आला की आमच्या घरामागचा लाकडी ओटा वाजू लागतो. आठ-आठ दिवसांची झड उघडलेली असते, सकाळी दहाच्या सुमारास ऊन एकाएकी तापते आणि फळ्यांतून टक्, टक् असा आवाज येऊ लागतो. दमलेल्या माणसाने एकेक बोट मोडावे तसा. मागच्या दाराजवळ खुर्चीवर बसून बरबटीच्या शेंगा मोडणारी माझी पत्नी शोभा मान वर करत नाही. ती एवढेच म्हणते, "उठली." फळीची आणखी एक कड उठली, असा त्याचा अर्थ. तिच्या स्वरात तक्रार नसते. तक्रार असती तर मला काही उत्तर तरी देता आले असते.

हा तिसरा पावसाळा. ओट्याला बावीस फळ्या आहेत, आणि बावीसही फळ्यांच्या दोन्ही कडा वर उचलल्या गेल्या आहेत, मधला भाग खोल गेला आहे. पाऊस थांबला की प्रत्येक फळीत पाण्याची एक लांबट पट्टी साचून राहते. चिमण्या ते पाणी पितात, त्यात आभाळाचे तुकडे दिसतात. पाहुण्याला ते दृश्य सुंदर वाटेल. मला ते पाहवत नाही. तालुक्याच्या कचेरीत जमीन मोजण्याच्या नोकरीत माझी अर्धी हयात गेली. दोन भावांच्या भांडणात धुरा, म्हणजे शेताची हद्द, नेमका कोठून जातो, हे मी सांगायचे आणि दोघांनी निमूटपणे ऐकायचे. सरळ रेषा हीच माझी भाकरी. आणि माझ्या स्वतःच्या घरामागे एकही फळी सरळ नाही.

या दिवसांत आमच्याकडे कोरडे असे काहीच राहत नाही. दारे फुगतात आणि लावताना खांदा द्यावा लागतो. मिठाला पाणी सुटते. काडेपेटी गॅसच्या शेगडीजवळ ठेवावी लागते. कपाटातल्या जुन्या नकाशांना ओल्या कापडाचा वास येतो, आणि चार दिवस न घातलेल्या चामडी चपलेवर पांढरी बुरशी चढते. घरामागची बोडी, म्हणजे आमच्या गावाचा लहानसा तलाव, काठोकाठ भरलेली असते. शिंगाड्याच्या वेलींनी तिचे अर्धे पाणी झाकून टाकलेले असते आणि ढिवर, म्हणजे मासेमार मंडळी, डोंग्यात बसून एकेक वेल उलटवून पाहत असतात, फळ धरले की नाही. पाळीपलीकडे, म्हणजे बोडीच्या बांधापलीकडे, धान पोटरीवर आलेले असते. वारा तिकडून आला की त्याचा दुधाळ, कोवळा वास स्वयंपाकघरापर्यंत येतो. पुढे कार्तिकाचे ऊन पडते. फुगलेली दारे आपापल्या चौकटीत परत बसतात, मीठ सुटे होते, नकाशांचा वास जातो. सगळे मूळपदावर येते. या फळ्या मात्र येत नाहीत, आणि त्यांचे न येणे लाकडाच्या स्वभावामुळे नाही, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे.

ओटा केला तो शोभासाठी. एका हिवाळ्यात ती न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, चार पायांचा वॉकर आला, आणि तिचे जग एकदम उंबरठ्यापर्यंत आखडले. बोडीचे पाणी जवळ म्हणून आमच्या घराचे जोते उंच घेतलेले. मागच्या दारातून अंगणात उतरायला पाच पायऱ्या. त्या पायऱ्या तिच्या आयुष्यातून वजा झाल्या. ती लहानपणी तलावाच्या काठी वाढलेली बाई. संध्याकाळी पाणकावळे पंख पसरून वाळत बसतात, ते पाहिल्याशिवाय तिचा दिवस मावळत नसे. दारात उभे राहून तिला बोडीचा एक कोपरा तेवढा दिसे. तेव्हा मी ठरवले, की उंबरठ्याच्या पातळीत, अडीच फूट उंच, पुढे बारा फूट जाणारा फळ्यांचा ओटा करायचा. आमची मुलगी फोनवर त्याला 'डेक' म्हणाली. शोभा म्हणाली, "काई म्हणा, मले पाखरं दिसली पाहिजेत."

शालिक हा आमच्या गावचा वाढई, म्हणजे सुतार. वयाने माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, अंगाने काटक, बोलण्यात बेताचा. त्याने ऐनाच्या फळ्या हिवाळ्यातच चिरून आणवल्या आणि लगेच कामाला हात घालण्यास नकार दिला. आपल्या अंगणातल्या निंबाखाली त्याने त्यांची थप्पी रचली, दोन फळ्यांमध्ये बांबूच्या कमच्या घालून, वर दगड ठेवून. त्या फळ्या पूर्ण उन्हाळाभर तेथे वाळत होत्या. कचेरीतून येताना मी मुद्दाम त्या रस्त्याने येत असे. एकदा मी घाई केली, तेव्हा त्याने एक फळी उचलून माझ्या कानाजवळ धरली आणि बोटाच्या पेराने वाजवली.

"ऐका. भद् वाजते का नाई?"

"वाजतंय."

"मडक्यावानी वाजली पाहिजे. मंग लावू."

जेठाच्या तोंडावर ती मडक्यासारखी वाजली. त्याने प्रत्येक फळीला चारही अंगांनी जवसाचे तेल पाजले, टोकांना दोनदा. "लाकूड टोकानं पाणी पेते, सायेब," तो म्हणाला. दोन फळ्यांमध्ये जाड खिळा सहज उभा राहील एवढी फट ठेवली. मी म्हणालो, की एवढी फट वाईट दिसेल. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "बरसातीत लाकूड अंग फुगवते. त्याले फुगाले जागा नोको का?" आणि जाताना, हत्यारे पिशवीत भरत असताना, त्याने शेवटची गोष्ट सांगितली. मी ती आजवर किती वेळा मनात उच्चारली असेल याची गणती नाही. "खालची जागा मोकळी ठेवजा. वारा खालून फिरला पाहिजे."

आमच्या भागातल्या माणसाला छपराखालची रिकामी जागा सहन होत नाही. धान मळून झाले, की घरोघर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, उरते. ते गुरांना वर्षभर पुरवायचे असते आणि पावसापासून वाचवायचे असते. पडवीत, माळ्यावर, गाडीखाली, जेथे म्हणून पाणी येणार नाही असे वाटते तेथे आम्ही तणस कोंबतो. माझी जमीन थोडी, बटईने दिलेली, आणि दारात एकच गाय. तरी ते वळण माझ्याही हातात होते. ओटा तयार झाला. त्याच्याखाली बारा फुटांची सुंदर, सावलीची, कोरडी जागा. पाऊस आठवड्यावर आलेला. मी वाकून वाकून तेथे तणसाच्या पेंढ्या सारल्या, अगदी फळ्यांना टेकेपर्यंत, आणि शेवटची पेंढी पायाने रेटली. जागेचा एवढा नेमका उपयोग केल्याचे मला समाधानही वाटले. दारात खुर्चीवर बसून शोभा ते पाहत होती.

पहिला महिना तिचा आनंदाचा गेला. वॉकरच्या रबरी टोप्यांचा ठप्, ठप् आवाज करत ती ओट्याच्या टोकापर्यंत जाई आणि पाखरांची नावे मोठ्याने घेई. मग झड लागली. पावसाचे फटकारे तिरपे येत, फटींतून पाणी गळे, आणि खालचे तणस ते सगळे पिऊन बसे. गाईला त्यातली एक पेंढी टाकून पाहिली. तिने हुंगून तोंड फिरवले. मी म्हटले, उघडीप पडली की काढू. उघडीप पडली तेव्हा मोजणीची कामे निघाली. वरून कुंवारातले, म्हणजे अश्विनातले, ऊन आणि खालून कुजणाऱ्या तणसाची वाफ. फळ्यांचे पोट फुगले आणि पाठ आकसली. एका सकाळी शोभाच्या वॉकरचा पुढचा पाय उठलेल्या कडेला अडला. ती पुढे कोसळली. खुबा वाचला, मनगट मोडले.

तिला दवाखान्यातून घरी आणल्यानंतर दुसऱ्या दिवशी मी देवाजीच्या पिठाच्या चक्कीवर गेलो. दळण ठेवायला सात-आठ माणसे उभी होती. शोभाचे कसे आहे, असे देवाजीने विचारले. मी शांत आवाजात उत्तर दिले. मी कधीच ओरडत नाही; माझ्या बोलण्यावर लोक विश्वास ठेवतात, त्याचे ते एक कारण आहे. मी म्हणालो, "शालिकनं ओलं लाकूड लावलं. त्याचं हे फळ."

देवाजी म्हणाला, "मोजणीवाल्या सायबाशी असं केलं, त आमच्याशी काय करन?"

माणसे हसली. मीही किंचित हसलो असेन. निंबाखालची ती थप्पी, कमच्या, कानाशी वाजवलेली फळी, हे सारे त्या क्षणी मला आठवत होते. मला माहीत नव्हते असे नाही. मला फक्त कुणीतरी दुसरे हवे होते.

शालिक त्याच संध्याकाळी आला. घरात आला नाही, बाहेरून वळसा घेऊन ओट्यापाशी गेला. गुडघ्यावर बसला आणि फटीतून दोन बोटे आत घातली. तणसाची एक काळी, बुळबुळीत काडी त्याने बाहेर ओढली, तिचा वास घेतला आणि ती माझ्यासमोर फळीवर आडवी ठेवली.

"लाकूड खालून प्यालं, सायेब."

"तणसानं काय होते?" मी म्हणालो.

 तो उठला, गुडघे झटकले आणि आला तसा वळसा घेऊन गेला. त्यानंतर गावातल्या चौकटी आणि दारे लाखनीच्या हायवेवरच्या कारखान्यातून येऊ लागली. शालिकही तेथेच कोठेतरी ट्रकांच्या मागच्या फळ्या ठोकण्याच्या कामाला जाऊ लागला, अशी बातमी कानावर आली. पहाटेच्या बसला तो उभा असे. मी मोटारसायकल दुसऱ्या गल्लीने काढू लागलो.

या दोन वर्षांत मी त्या ओट्यावर काय काय केले नाही. उठलेल्या कडांवर खिळे ठोकले. त्यात चार फळ्या चिरल्या गेल्या. वाळूची पोती ठेवली. ती फाटून वाळू फटींत बसली आणि खालून वर येणारा उरलासुरला वाराही बंद झाला. जाड तैलरंगाचे दोन हात दिले. रंगाने वरून ओल कोंडून धरली आणि पुढच्या उन्हात तो पापुद्र्यांनी निघाला. पावसाळाभर ताडपत्री अंथरली. ती उचलली तेव्हा खाली अळंब्या उगवल्या होत्या, पांढऱ्या, टपोऱ्या. दरवेळी कपाळावर हात मारून घ्यावा असे होई. प्रत्येक उपाय मी वरून केला. खाली हात घातला नाही. तणस काढायचे तर ते दिवसाउजेडी अंगणात पसरावे लागणार होते. काळे, कुजलेले, गाडीभर तणस. पाळीवरून जाणाऱ्या प्रत्येकाने ते पाहिले असते आणि प्रत्येकाला समजले असते. म्हणून फळ्या वाकत राहिल्या. शोभा उंबरठ्याच्या आत बसून राहिली. गाय मी मागच्या वर्षी विकली, तणस राहिले.

हा वर्षावासाचा काळ. आषाढाच्या पौर्णिमेपासून अश्विनाच्या पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात रोज संध्याकाळी वाचन असते. विहाराला पायऱ्या आहेत, तेव्हा शोभा घरीच, मागच्या दारात, बुद्धमूर्तीचा लहान फोटो मांडून हात जोडते आणि मी तिच्याशेजारी उभा राहतो. आम्ही पंचशील म्हणतो. चौथे शील खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे. तिसऱ्यापर्यंत माझा आवाज बरा असतो. चौथ्याला तो आपोआप खाली जातो आणि पाचव्याला पुन्हा वर येतो. दारू मी कधी घेतली नाही, म्हणून पाचवे शील मी खणखणीत म्हणतो. ही लबाडी कोणाच्या लक्षात येत नसेल, असे मी धरून चाललो होतो.

गेल्या आठवड्यात झड उघडली. पंचशील म्हणून झाले आणि शोभाने हात सोडले नाहीत.

"अजी, एक विचारू?"

"विचार."

"तुमी तणस भरून राहिले होते, तवा मी याच खुर्चीवर बसली होती. हे तुमाले आठवते का?"

मी फोटो उचलायला वाकलो.

"मी पडली याचा राग नाई मले. पण दोन वर्सं झाली. काहून नाई काढलं?"

"तू तेव्हाच का बोलली नाहीस?"

"तुमी सांगाल म्हणून वाट पाहिली," ती म्हणाली. "माह्या सांगण्यानं त्याचं नाव साफ झालं असतं का? नवऱ्याले खोटं पाडून राहिली, एवढंच म्हटलं असतं लोकांनी." मग बोडीच्या त्या एका कोपऱ्याकडे पाहत तिने पुढे म्हटले, "पाणकावळे आले असतील. आवाज येते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दोन पायल्या गहू घेऊन चक्कीवर गेलो. जेथे बोललो तेथेच बोलायचे, एवढे नक्की केले होते. चक्की चालू होती. मी म्हणालो, की शालिकचे लाकूड ओले नव्हते, ओट्याखाली तणस मीच भरले होते, चूक माझी. देवाजीने कानाला हात लावला. "काय म्हणता?" मी पुन्हा म्हणालो. पट्ट्याच्या आवाजात ते पुन्हा विरले. तिसऱ्यांदा मला ओरडावे लागले. आयुष्यात प्रथमच मी चारचौघांत ओरडलो, आणि नेमके तेव्हा देवाजीने चक्की बंद केली, त्यामुळे "चूक माझी" हे शब्द रस्त्यापर्यंत गेले.

 मग पिशवीला दोरी बांधत असलेला एकजण म्हणाला, "म्हणजे तणस पूर्ण वाया गेलं का?"

देवाजी मिशांवरचे पीठ झटकत म्हणाला, "सायेब, तुमी मनाचे नरम. गरिबाचं काम चालावं म्हणून आपल्या अंगावर घेऊन राहिले. आमाले समजते."

"तसं नाही, देवाजी. खरंच मी भरलं होतं."

"हो हो," तो म्हणाला, लहान मुलाची समजूत काढावी तसा. "तरी ओल्या लाकडाचं त्याचं वळणच आहे. सारं गाव म्हणते."

सारे गाव म्हणते. ते गाव म्हणजे मीच होतो, आणि हे त्याला कोणत्याही आवाजात सांगता येत नव्हते. माझ्या खोट्याला एक वाक्य पुरले होते. खरे तीन वेळा उच्चारूनही माझ्याच चांगुलपणात जमा झाले. मी पीठ न घेताच बाहेर पडलो. इतका हताश मी वाकड्या फळ्यांनीही कधी झालो नव्हतो.

तेथून शालिककडे गेलो. निंबाखाली बसून तो वाकसाने वखराचा दांडा तासत होता. त्याने माझ्यासाठी पोते अंथरले, जणू मी रोज येत असे.

"चक्कीवर बोलले म्हणे."

"इतक्यात कळलं?"

"माहा पुतण्या होता तिथं."

"बोललो, शालिकभाऊ. पण कोणी ऐकलं नाही."

त्याने वाकसाची धार अंगठ्याने पाहिली. "तवा लवकर ऐकलं होतं," तो म्हणाला.

मी क्षमा मागितली. बरीच वाक्ये मनात जुळवून नेली होती. त्यातली दोनच निघाली.  दांड्याचा एक छिलका लांबच लांब सोलला गेला आणि त्याच्या पायाशी गुंडाळून पडला. "वयनी कशा आहेत?" एवढे त्याने विचारले, आणि मी सांगितले, की त्या बाहेर येत नाहीत.

काल रविवार होता. सकाळी तो आला. याही वेळी बाहेरूनच. त्याने बावीस फळ्यांवरून एकदा हात फिरवला, माझ्या खिळ्यांवरून, रंगाच्या पापुद्र्यांवरून. मी विचारले, की फळ्या उलट्या करून लावल्या तर सरळ होतील का.

"पहिल्या बरसातीच्या मागं उलटवल्या असत्या, खाली हवा लागली असती, त बसल्या असत्या. आता तिसरी हाय." त्याने एका चिरलेल्या फळीत नख रुतवले, ते सहज आत गेले. "सहा-सात कामाच्या निघतील. रंधा मारून घेऊ. बाकी नव्या लागतील, अन् त्या उन्हाळाभर वाळतील. घाई चालणार नाई."

"म्हणजे तू काम घेशील?"

"वयनीसाठी घेईन." तो ओट्याच्या कडेला बसला. "पण आधी ते तणस काढा. माणूस नोका लावू. तुमी काढा."

पाळीवरून लोक जात होते. रविवार, त्यात शिंगाड्याच्या वेली पाहणारी ढिवरांची माणसे. मी शर्ट काढून दारावर टाकला आणि अडीच फुटांच्या त्या अंधारात पोटावर सरपटत शिरलो. आतला वास आंबील नासल्यासारखा होता. तणस हाताला गरम लागले. जमिनीलगतचे तर तणस राहिलेच नव्हते. नुसता काळा गाळ, त्यात गांडुळे. कवटाळून कवटाळून मी ते मागे ढकलत होतो आणि ते उन्हात, सगळ्यांच्या नजरेसमोर साचत होते. बाहेर कोणीतरी विचारले, "सायेब, काय करून राहिले?" आणि मी आतून उत्तर दिले, "तणस काढतोय. मीच भरलं होतं." विचारणारा निघून गेला. त्याला पटले की नाही, कोण जाणे.

तेवढ्यात माझ्या डोक्यावर ठप् असा आवाज झाला. मग पुन्हा ठप्. वॉकरच्या रबरी टोप्या. 

"तिथं नोको, वयनी," शालिकचा आवाज आला. "ती सडली हाय. या इकडच्या फळीवर ठेवा. हो. आता उजवा पाय."

"धरजा बरं, भाऊ."

"धरलं. तुमी खाली पाहू नोका, समोर पाहा."

फटींतून तिच्या लुगड्याची सावली माझ्या अंगावरून हळूहळू पुढे सरकली. पहिली फळी, दुसरी, पाचवी. सातव्या फळीवर ती थांबली.  मग ती म्हणाली, "अगं माय, किती आहेत."

मी चिखलात कोपरे टेकून तसाच पडून राहिलो. मान वर केली, तर फटीएवढे ऊन डोळ्यांत येत होते. त्या उन्हाच्या रेषेत शालिकची बोटे उतरली आणि त्यांनी पलीकडच्या अंधाराकडे खूण केली.

"सायेब, त्या कोपऱ्यात अजून हाय."

होते. मी तिकडे सरपटू लागलो.